पंच्याण्णव झालं हो!

नावं घेत नाही, पण आपल्याच ओळखीतल्या दोन-तीन चांगल्या घरांत हे शिरलंय. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दार लावून जागा. आईबापांनी धसका घेतला, म्हटलं नाही नाही ते बघत असेल. तसं असतं तर परवडलं असतं हो, वयाचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. आत जाऊन बघतात तो काय, कार्टं आकडे बघत बसलंय! प्रोसेसरचं तापमान. ७८, ८१, ७९, परत ८१. दर दोन सेकंदांनी आकडा बदलतो आणि याचा जीव खालीवर.

ओव्हरक्लॉकिंग म्हणतात म्हणे त्याला. कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. पळवायचा तर व्होल्टेज वाढवायचं, आणि उष्णता तर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे आधी स्वतःच्या हाताने ताप आणायचा आणि मग थर्मामीटर घेऊन उशाशी बसायचं.

पूर्वी या चाळ्यांत निदान व्यवहार तरी होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा आणि ही स्वस्तातली चीज महागड्या पेन्टियमच्या मांडीला मांडी लावून बसायची. आता कंपन्याच बेरकी झाल्यात, सगळा रस कारखान्यातच पिळून घेतात. कोअर आय९-१४९००के खोक्यातून निघतो तोच ६ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा. त्यावर रात्री जागवून मिळणार काय? थोडे टक्के. गेम खेळताना कळतही नाहीत. पोरं म्हणतात, कळतात. म्हणू देत.

आणि छळ तरी किती करावा! प्राइम९५ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. गणिताच्या नादी लागलेल्या सज्जनांनी मेर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी केलेलं, अगदी सोवळ्यातलं. आमच्या दिवट्यांनी ते प्रोसेसर भाजायला घेतलं. त्यातल्या टॉर्चर टेस्टमध्ये नवी संख्या शोधतही नाहीत. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत ती गणितं तासन् तास सोडवून घ्यायची, उत्तर चुकलं की वेग झेपत नाही म्हणायचं. आणि डोळे? तापमानावर.

मग ती प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट. वाटाण्याएवढा ठिपका ठेवायचा की फुली काढायची, यावरून जिवलग मित्रांत अबोला धरल्याचं मी ऐकलंय. पेस्ट सगळीकडे पोचली की दोन्हींत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही, पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. २०१२ मध्ये तर कहर झाला. इंटेलने आयव्ही ब्रिजच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट भरल्याचं उघडकीला आलं आणि लोकांनी नव्याकोऱ्या प्रोसेसरचं झाकण चक्क ब्लेडने उचकटलं! आत द्रवरूप धातू चोपडला. वॉरंटी गेली, तापमान उतरलं, पेढे वाटायचे तेवढे राहिले.

बरं, ज्या आकड्यासाठी एवढं करायचं तो तरी खरा असावा ना? २०१७ चा रायझन १८००एक्स खऱ्यापेक्षा २० अंश चढवून सांगायचा! सगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच हिशेबाने फिरावेत म्हणून एएमडीनेच केलेली सोय ती; पण हे कळेपर्यंत कितीजण नवा कूलर आणायला धावले असतील, देव जाणे. पुढे २०२२ मध्ये रायझन ७००० आले तेव्हा हीच कंपनी म्हणाली, ९५ अंशांवर खुशाल चालू द्या, तसेच बनवलेत. पोरांना केवढा धक्का! काळजी करायला बंदी घातल्यासारखंच की हे.

जळेल अशी भीती म्हणावी, तर ती जुनी गोष्ट. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी एएमडीच्या चालू अ‍ॅथलॉन प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून दाखवला होता, तर धूर निघाला. पेन्टियम ४ ने नुसता वेग उतरवला. आताचे सगळे तसेच शहाणे: साधारण शंभरीला टेकले की आपोआप मंद होतात, तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद. राखणदार आत बसलेलाच आहे, तरी हे बाहेर पहाऱ्याला.

नागपूरला नणंदेकडे मे महिन्यात गेले तर भाच्याने कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडून तो बैठकीतल्या डेझर्ट कूलरसमोर मांडलेला. म्हणे, खोलीपेक्षा प्रोसेसर थंड होत नाही, म्हणून खोलीची हवाच आधी गार हवी. बाहेर पंचेचाळीस, म्हणणं खोटं नाही. पण दमट हवेचा झोत थेट सर्किटवर? आणि त्या झोतासमोरची खुर्ची नणंदेच्या सासूबाईंची, ती सरकली भिंतीकडे! मला वाटलं, आता म्हातारी घर डोक्यावर घेणार. तर तिथूनच आवाज आला,

"किती झालं रे?"

"ब्याऐंशी, आजी."

"काल या वेळेला एकोणऐंशी होतं. त्या कूलरमध्ये पाणी आहे का बघ आधी."