सरासरीचा विजय

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागणार, हे आधीच जाहीर होतं. परीक्षेला सुमारे १५ लाख मुलं बसली आहेत, हेही बैठक क्रमांकांमुळे पक्कं ठाऊक असतं. इतकी चोख माहिती हाताशी असताना संकेतस्थळानं १ वाजून १ मिनिटानं मान टाकावी, याला साधना लागते.

टीकाकारांना नियोजन कळत नाही. सर्व्हर वर्षाच्या सरासरीवर बेतलेला असतो. सप्टेंबरात रात्री ३ वाजता तो काय सुसाट चालतो! तेव्हा कोणी फिरकत नाही, हा दोष जनतेचा. आणि निकालादिवशी मुलगा, मावशी, क्लासचे सर असे सगळे एकच बैठक क्रमांक आणि आईचं नाव आपापल्या फोनवर टाकतात, चक्र फिरत राहिलं की पुन्हा दाबतात. ॲमेझॉन २००६पासून तासावर सर्व्हर भाड्यानं देते म्हणे. पण भाड्याच्या वस्तूत आपलेपणा नसतो.

हेच शास्त्र परीक्षा केंद्रांनाही लावावं. वर्षातले अकरा महिने तिथं बोर्डाचा पेपर नसतो. सरासरी काढली तर वर्गाला दोन बाकं पुरेत.

पालकांना नम्र विनंती: पुढच्या वर्षी निकाल लागण्याच्या आदल्या दिवशीच पाहून घ्यावा. तेव्हा गर्दी नसते.