९० दिवसांचा दाखला

बांधकाम मजुराच्या कल्याणाची १९९६च्या कायद्यांनी किती बारकाईने सोय केली! बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर गोळा होतो आणि मायेने जपलाही जातो. पैसा काय, उधळायचा असतो? मजुराने फक्त वर्षभरात ९० दिवस राबल्याचा दाखला आणायचा. तो बहुधा ठेकेदाराकडून, म्हणजे परांचीवरून माणूस पडला की त्याला मुळीच न ओळखणाऱ्या सद्गृहस्थाकडून. आमची नम्र सूचना: नोंदणीवेळी इमारतच कार्यालयात हजर करावी, दोन झेरॉक्ससह.

मजूर म्हणाला, "साहेब, विसाव्या मजल्याच्या स्लॅबात माझा अंगठा उमटलाय."

साहेब कर्तव्यदक्ष. लगेच पाहणीला निघाले. वॉचमनने साहेबांना सलाम ठोकला आणि मजुराला विचारलं, "कुणाकडे जायचंय?"