तयारी चालू हाय

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत एक तरी बेरोजगार माणूस शोधून दाखवा. मिळणार नाही. पारावर बसलेल्या, टपरीवर एका चहात तिघं भागवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, "काय चालू हाय रे सध्या?" तो "रिकामाच हाव" असं चुकूनही म्हणणार नाही. "तयारी चालू हाय," म्हणेल. पोलीस भरतीची, तलाठ्याची, एमपीएससीची. आणि यातल्या कशाचीच जाहिरात निघालेली नसेल, तर जी कधीतरी निघेल तिची. एकविसाव्या वर्षी सुरू झालेली ही तयारी अडतिसाव्या वर्षी वयोमर्यादा आडवी येते तेव्हाच थांबते. राखीव प्रवर्गातला असेल तर आणखी 5 वर्षं तयारी करण्याची सवलत मिळते. एका जागी 17 वर्षं टिकलेलं काम खासगी क्षेत्रात तरी किती जणांकडं आहे?

या बाबतीत दिल्लीचं आणि पारावरच्या पोरांचं एकमत आहे. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाने 2023-24 या वर्षात देशाच्या ग्रामीण भागातला बेरोजगारीचा दर 2.5 टक्के काढला. शंभरात अडीच! एवढे तर आमच्याकडं नुसत्या वडाखाली निघतात, आणि त्यातला अर्धा कोण यावर भांडणंही होतील. पण आकडा खोटा नाही. तो मोजणाऱ्यांचं मन मोठं आहे, एवढंच. वर्षभराच्या मोजणीत माणसाने जोडधंदा म्हणून 30 दिवस काम केलेलं असलं तरी तो कामकऱ्यांत धरला जातो. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांतल्या कुठल्याही एका दिवशी एक तास हात हलवला की पुरे. घरच्या शेतीत फुकट राबला तरी हरकत नाही, तेही कामच.

हे आमच्याकडं कसं बसतं ते बघा. पोरगं बीई मेकॅनिकल झालं. मृगात बापामागं चार दिवस पेरणीला गेलं, कोळपणी-फवारणीला आठ-दहा दिवस रानात उभं राहिलं, दिवाळीआधी सोयाबीन कापून, मळून रास घरात आणली. भरले 30 दिवस. पोरगं रोजगारी झालं, देशाचा दर एका बोटाने खाली आला. ही आनंदाची बातमी बापाला सांगून बघा. तो म्हणेल, "मग ह्या महिन्याचा बँकेचा हप्ता त्यालाच भराय लावा."

बापाचंही खरं आहे. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात सौदे त्याच्या खाली होत होते. ज्या धंद्यात बापालाच पुरेसा रोजगार नाही, त्यात पोराने रोजगारी म्हणून नाव लावायचं, हा आमचा वारसा हक्क.

रोजगार हमीचा हिशेबही याच चालीने करता येतो. हमी ही मूळ महाराष्ट्राची कल्पना; वि. स. पागे यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळात तिने लाखो माणसं जगवली, 1977 मध्ये राज्याने कायदा केला. त्याच धर्तीवर केंद्राची योजना 2006 मध्ये आली, तेव्हा पहिल्याच यादीत नांदेड जिल्हा होता. मागासलेपणाच्या यादीत आमचा नंबर पहिल्या फेरीतच लागतो. तिथं प्रतीक्षा यादी नसते. त्या योजनेत हमी एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची होती. मोजणीला माणशी 30 दिवस लागतात. म्हणजे घरातल्या तिघांनी वाटून घेतली की तिघंही रोजगारी व्हायचे आणि वर 10 दिवस उरायचे. ते सुट्टीचे समजावेत.

शिकणारा माणूस तर मोजणीत येतच नाही. श्रमबलाच्या बाहेर. म्हणूनच आमच्याकडं एमए झाल्यावर दुसरं एमए, मग बीएड, मग पीएचडीला नोंदणी, असा क्रम असतो. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि ही सोय घराजवळ आली. पुढं नेट-सेट झालं की कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं. जितके तास तितके पैसे, तेही बिल निघेल तेव्हा. शाळेत लागायचं असेल तर सरकारने शिक्षक भरतीसाठी एक पोर्टल काढलं आहे. त्याचं नाव 'पवित्र'. आधीची पद्धत काय होती हे त्या नावावरून कळतं, संस्थाचालकांवर वेगळं लिहायला नको.

बायकांचं तर त्याहून सोपं. भाकरी, धुणं, लेकरं, म्हातारी माणसं, हे सगळं घरकाम. ते करणारी ना रोजगारी, ना बेरोजगार. इतक्या कमी कागदात इतका मोठा प्रश्न दुसऱ्या कुठल्या खात्याने सोडवलेला नाही.

आता कुणी म्हणेल, या भागाला कुणी वालीच नव्हता. साफ खोटं. वरच्या पदांवर आमच्याइतकी भरती फार थोड्या जिल्ह्यांची झाली आहे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण: दोन जिल्ह्यांतून चार मुख्यमंत्री. बाप आणि लेक दोघंही मुख्यमंत्री, हा राज्यातला विक्रम नांदेडचाच. शंकरराव आणि शिवराज पाटील चाकूरकर असे दोन केंद्रीय गृहमंत्री, त्यातले चाकूरकर आधी लोकसभेचे अध्यक्ष. अडचण एवढीच, की या सगळ्यांच्या नोकऱ्या मुंबईला आणि दिल्लीला होत्या. त्यांच्यामागोमाग जिल्ह्यातली पोरंही मुंबईला गेली. फरक फक्त पदाचा.

उद्योगही आले. नांदेडला निजामाच्या काळात उस्मानशाही मिल होती. पुढं ती सरकारकडं गेली आणि मग बंद पडली. लातूरचं रेल्वेशी वेगळंच नातं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 31 मार्च 2018 ला, रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. 2023 मध्ये 120 वंदे भारत शयनयान गाड्यांचा करार रशियन कंपनीच्या भागीदारीत झाला. रशियातून माणसं लातूरला कामासाठी येतील, हे आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी तोंडाचा वास घेतला असता. लातूरची माणसं मात्र नांदेड-पनवेल गाडीच्या जनरल डब्यात पाय दुमडून पुण्याला जातात. तीही रेल्वेच.

पण खरा उद्योग वेगळाच आहे आणि त्याला एमआयडीसीत प्लॉट लागत नाही. तो म्हणजे तयारीचा उद्योग. त्याचं मूळ चांगलं होतं. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असताना, मास्तरांनी जास्तीचे तास घ्यायचे आणि पोरांकडून घोटून घ्यायचं, या साध्या मेहनतीतून 'लातूर पॅटर्न' उभा राहिला. कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरं डॉक्टर झाली. ही थट्टेची गोष्ट नाही. थट्टा पुढं सुरू झाली. आज लातुरात दगड मारला तर तो कुणातरी 'सरां'ना लागतो. फिजिक्सचे सर, बायोलॉजीचे सर, आणि त्यांच्या फ्लेक्सवर पोरांच्या फोटोपेक्षा मोठा सरांचा फोटो. पोराला नीटला बसवायचं म्हणून आई गाव सोडून दोन वर्षं भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करते, बाप गावाकडं हाताने भाकरी थापतो. 2024 च्या नीट पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला, तेव्हा बाहेरच्या एकाही माणसाने, "लातूर कुठं आहे?" असं विचारलं नाही. लातूरला नकाशावर आणणं रेल्वे कारखान्याला जमलं नाही ते असं जमलं.

ज्यांना डॉक्टर होणं जमत नाही त्यांच्यासाठी भरतीची तयारी. अकॅडमी, अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, फॉर्म भरून देणारी सेवा केंद्रं. पहाटे चारला नांदेडच्या किंवा लातूरच्या बायपासवर जा. 1,600 मीटरचं घड्याळ लावून पोरं पळत असतात, त्यांच्यामागं शिट्टी घेऊन एक माणूस, आणि तो माणूस स्वतः मागच्या भरतीत अर्ध्या मार्काने गेलेला. नापास झालेल्याने शिकवायचं आणि शिकलेल्याने नापास व्हायचं, म्हणजे पुढच्या बॅचला शिट्टी घेऊन उभा राहायला माणूस तयार. मुलीच्या बापाने विचारलं तर मात्र "तयारी चालू आहे" हे उत्तर चालत नाही, त्याला नोकरीवाला लागतो. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. त्या दिवशी घोडेवाल्यांना रोजगार मिळाला.

2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले पावणेअठरा लाखांच्या आसपास. एका जागेला शंभर. अर्ज करणाऱ्यांत इंजिनिअर होते, एमबीए होते. 2023 ची तलाठी भरती त्याहून देखणी: 4,644 जागा, दहा लाखांवर अर्ज, एका सज्जासाठी दोनशेच्या वर उमेदवार. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत; मग सगळ्या सत्रांच्या गुणांचं सामान्यीकरण झालं आणि 200 पैकी 214 गुण मिळालेला उमेदवार निघाला. मराठवाड्यात हे पाहून कुणालाच धक्का बसला नाही. इथं 200 पैकी 200 घेऊन नोकरी मिळत नाही, हे पोरांना आधीपासून माहीत होतं. पुढचे 14 कुठून आणायचे एवढंच कळत नव्हतं.

मधल्या काळात सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये खासगी कंपन्यांकडून कंत्राटी पदं भरायचा निर्णय काढला आणि बोंब उठल्यावर ऑक्टोबरमध्ये मागं घेतला. सबंध सरकारी कारभारात एवढ्या वेगाने निपटलेली ही एकच फाईल असावी. 2024 च्या जुलैत सरकारला 'लाडक्या भावां'ची आठवण झाली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: बारावीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत सहा महिने, पुढं आणखी पाच महिने वाढ. काम कसं करायचं हे पोरांनी शिकून घेतलं. अकरा महिन्यांनी ते काम संपलं आणि कायम करा म्हणून पोरं मैदानात बसली. भाऊ लाडका होता, पण सातबाऱ्यावर नाव लावून घेण्याइतका नव्हता.

एक कारखाना मात्र दर वर्षी न चुकता भरती करतो, फी घेत नाही, उलट आगाऊ पैसे देतो. साखरेचा. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो, तीच नेमणूक, तेच बंधन. त्याच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दिल्लीचा मोजणारा आठवड्यातल्या एका तासाचा एक कामकरी करतो, आणि आमचा मुकादम दोन अख्ख्या माणसांचा एक. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर सरासरी बरोबर येईल.

आता थट्टा पुरे, एक रोखीचा हिशेब. तलाठ्याच्या त्या परीक्षेची फी खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये होती, राखीवला 900. सगळे राखीवच धरले आणि अर्ज दहाच लाख धरले, तरी 90 कोटी होतात. ज्यांच्या हाताला काम नाही, अशा पोरांच्या खिशातून. कलेक्टर व्हायची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. तिची फी 100 रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तीही माफ. म्हणजे कलेक्टर व्हायला 100 आणि त्याच्या हाताखालच्या हाताखालचा तलाठी व्हायला 1,000. कारखाने आणा, गिरण्या उघडा, असं आम्ही मागत नाही; ते मागून झालं आहे. पुढची जाहिरात काढताना तलाठ्याची फी तेवढी कलेक्टरच्या बरोबरीला आणा.