थेंबशास्त्री

हैदराबादेत काचीगुड्यापासून कोंडापूरपर्यंत कुठल्याही अपार्टमेंटच्या सेलारमध्ये (तळघरातल्या पार्किंगला इथे सेलारच म्हणतात, बेसमेंट म्हणणारा पुण्या-मुंबईहून नुकताच आलेला असतो) भल्या सकाळी एखादा गृहस्थ गुडघे टेकून, गाल फरशीच्या अगदी जवळ नेऊन, मोबाइलच्या उजेडात काहीतरी निरखत असलेला आढळतो. लांबून वाटावं की किल्ली पडली असेल. किल्ली खिशातच असते. तो पाहत असतो तो रात्रभरात पडलेला तांबूस थेंब. या जातीच्या माणसाला आपण थेंबशास्त्री म्हणू. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील स्टेट बँक ऑफ हैदराबादेत आणि स्वतः हायटेक सिटीत, अशी त्याची घडण असते. तीन पिढ्यांच्या काटकसरीतून जे साठलं ते त्याने तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या पंचवीस वर्षं जुन्या मर्सिडीज एसएलकेत ओतलेलं असतं, आणि आता ते थेंबाथेंबाने बाहेर येत असतं. गाडीला आसनं दोन. बायको तीत एकदाच बसलेली असते.

लोकांचा समज असा की या माणसाला गळती थांबवायची आहे. समज चुकीचा आहे. त्याला हवं असतं ते निदान, आणि तेही गाडीच्या इभ्रतीला शोभेल असं. वैद्याने साधं पित्त सांगितलं की काही घराण्यांचा अपमान होतो, तसंच हे. एसएलकेची पहिली पिढी १९९६ साली आली, आणि तिच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत मर्सिडीजचा तेव्हा नवा असलेला पाच गतींचा गिअरबॉक्स होता. या गिअरबॉक्सची एक खोड जगभरच्या गॅरेजांना पाठ आहे. विजेच्या तारा जिथून आत शिरतात तिथे तेरा पिनांचं एक प्लास्टिकचं कनेक्टर असतं आणि त्यावर रबराच्या दोन बारीक ओ-रिंगा. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतं, तेल झिरपतं, गिअरबॉक्सच्या अंगावरून ओघळत खालच्या तेलाच्या तबकाच्या कडेला येतं आणि तिथून टपकतं. नवं कनेक्टर बंजारा हिल्सवरच्या चार माणसांच्या एका जेवणाच्या बिलात सहज बसेल. शास्त्र्याला हे माहीत नसतं असं नाही, त्याने ते तीनदा वाचलेलं असतं. पण एवढ्या थोर गाडीचा रोग दोन रबरी कड्यांत असावा, हे त्याला पटत नाही. त्याचा कौल असतो टॉर्क कन्व्हर्टरच्या पुढच्या सीलला, कारण त्यासाठी सबंध गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तिथे खर्च आहे, भीती आहे आणि चार लोकांत सांगण्यासारखं काही आहे.

यावर कोणी म्हणेल की पुढचं सीलही गळतंच की, त्याचा संशय अगदीच निराधार कशावरून? बरोबर आहे, गळतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या तळातून थेंब पडत असेल तर संशय तिकडे जायलाच हवा. तो थेंब इंजिनाच्या मागच्या सीलचाही असू शकतो; मग तो तपकिरी-काळा दिसेल. गिअरबॉक्सचं तेल मुळात लाल असतं आणि जळलं की इराणी चहाच्या वळणावर जातं. पांढऱ्या कागदावर टिपून घेतलं की एवढं कळतं, आणि नुसतं पाणी निघालं तर तो एसी आहे, मे महिन्यात हैदराबादेतली प्रत्येक गाडी तेवढं गाळते. पण थेंब कुठे पडला यावरून तो कुठून निघाला हे ठरत नाही, आणि शास्त्र्याची सगळी विद्या इथेच घसरते. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो. उतारावर उभ्या गाडीत ते खालच्या टोकापर्यंत ओघळत जातं. ज्युबिली हिल्सच्या चढावर नाक वर करून लावलेली गाडी पुढचा रोग मागे दाखवते. म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी लिफ्टवर घेऊन गिअरबॉक्सचं पोट डिझेलने आणि ब्रशने स्वच्छ धुणं, कोरडं करणं, थोडी चालवून आणणं आणि मग खालून नव्हे तर वरून पाहणं, की सर्वांत उंचावर ओल कुठे आहे. हवं तर धुतलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवावी, ओघळ आपली वाट तीत स्वतःच काढतो. एका दुपारचं काम आहे. शास्त्री ते करत नाही, कारण धुतल्यावर उत्तर मिळण्याचा धोका असतो.

त्याऐवजी तो पुरावे जमवतो. गाडीखाली पुठ्ठा पसरून त्यावर चारही चाकांच्या जागा पेनने आखायच्या, थेंबांवर तारखा घालायच्या. पद्धत उत्तमच आहे, कसलेले मेकॅनिकही तीच सांगतात. फक्त त्यांच्याकडे पुठ्ठा एक रात्र असतो आणि शास्त्र्याकडे पुठ्ठ्यांची फाइल. आणि एवढ्या तारखा असूनही गॅरेजात उस्तादने ‘कबसे लीक है?’ विचारलं की तोंडून निघतं ‘परसों से’. दखनीतला परसों उद्यानंतरचा नव्हे, कालच्या आधीचाही नव्हे. त्यात गेला सोमवार बसतो आणि गेली दिवाळीही. उस्तादला त्याचं काही वाटत नाही, कारण गाडी कधी मिळेल याचं त्याचंही उत्तर परसोंच असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष गॅरेजवाल्यांचा नाही का? उस्ताद गाडीखाली न वाकताच पूरा गिअरबॉक्स खोलना पडता म्हणतो, मग बिचाऱ्या मालकाने करावं काय? थोडा दोष आहेच, आणि थोडा खुद्द कंपनीचाही. या गिअरबॉक्सला तेलाची नळी आहे पण तीत मोजपट्टी नाही. टोपणाला सील, आणि पट्टी वर्कशॉपची वेगळी. तेलाची खरी पातळी ते सुमारे ८० अंश सेल्सिअसला तापल्यावर कळते. पण मालकाने त्यावर काढलेला उपाय बघा. गळतंय म्हणजे कमी झालं असणार, या हिशोबाने तो रविवारी नळीत अंदाजाने तेल ओततो. सबंध गिअरबॉक्सच साधारण आठ लिटरचा. त्यात अर्धा-पाऊण लिटर जास्त झालं की आतल्या फिरत्या भागांत ते घुसळतं, फेसाळतं आणि हवा जायच्या वाटेने बाहेर येऊ पाहतं. गळती वाढते. पुढच्या सीलचा सिद्धांत पुराव्याने भक्कम होतो. गॅरेजवाला आणि शास्त्री यांची गाठ नशिबाने पडत नाही. ज्याला मोठा रोग विकायचा आहे आणि ज्याला मोठा रोग विकत घ्यायचा आहे अशी दोन माणसं एका शहरात असली की ती एकमेकांना शोधून काढतातच.

उरला तिसरा आक्षेप, म्हणजे सहृदय लोकांचा. निरुपद्रवी छंद आहे, करू दे की, दारू पितो का, पत्ते खेळतो का? निरुपद्रवी असता तर हा लेखच लिहायची गरज नव्हती. त्या कनेक्टरपाशी झिरपलेलं तेल नुसतं खाली पडत नाही, तारांच्या जुडग्यातून वरही चढतं. समईच्या वातीत तेल चढतं त्याच न्यायाने ते इंजिनाशेजारच्या डब्यात, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. मग गाडी एकाच गिअरमध्ये अडून बसते, आणि जे काम एका जेवणाच्या बिलात होणार होतं ते खरोखरच इभ्रतीला शोभेल असं होतं. शास्त्र्याच्या मनासारखं निदान त्याच्याच हातून तयार झालेलं असतं.

त्यात तो गाडी चालवत नाही. चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आहे, फार थोडी चाललेली. तिचं कौतुक ठीक आहे, ती सिंहासन म्हणूनच बनवली होती. ऑटोमॅटिक गाडी सिंहासनासारखी ठेवली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली उतरतं, तबकातली पातळी चालत्या गाडीपेक्षा वर येते आणि जिथे रबर कडक झालंय तिथे आठवडाभर चिकटून बसते. रोज कामाला जाणारी टॅक्सी कमी गळते ती यामुळेही.

सेलारमध्ये या सगळ्याला साक्षीदार एकच, वॉचमन. तो रोज पहाटे गाड्या पुसतो आणि त्याला तो डाग दिसतो. अपार्टमेंट असोसिएशनच्या सेक्रेटरीने फरशीवरून त्याला दोनदा झापलेलंही असतं. म्हणून एखाद्या सकाळी तो पुठ्ठा उचलून भंगारात टाकतो, डागावर लाकडाचा भुसा पसरतो, घासून फरशी लख्ख करतो. साडेसहाला शास्त्री खाली येतो आणि अर्धा तास त्याच्यावर ओरडतो, की सगळा पुरावा घालवलास. मग वर जातो आणि नव्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आणतो.