पिकअपच्या डिफरेन्शियलचे तेल घरी बदलण्याची रीत

पिकअपच्या मागच्या आसाच्या मधोमध जो भोपळ्याएवढा लोखंडी फुगवटा दिसतो, त्याच्या पोटात डिफरेन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरले तर एका पूर्ण फेरीत हा फरक नऊ मीटरांहून अधिक भरतो. तो मिटवणारी दातेरी युक्ती ओनेझिफोर पेकर या फ्रेंच गृहस्थाने १८२७ साली काढली. बैलगाडीला तिची गरज कधीच पडली नाही. तिची दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात आणि वंगण कमी झाले की ती साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी कुरकुरते. पिकअपमध्ये ही सोय नाही. इंजिनच्या तेलाला दांडी असते, डिझेलला काटा असतो. डिफरेन्शियलच्या तेलाला काहीच नसते. ते जळत नाही, उडत नाही, दिवा लावून खुणावत नाही. सबब, ते मालकाला आठवत नाही.

अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथेच महामार्गाला मिळतो. त्यामुळे पिकअपला इथे सुट्टी नसते. सकाळी पाचोडच्या बाजाराला मोसंबी (२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, पण क्रेटमध्ये इतर फळांइतकीच वजनदार), दुपारी खताच्या गोण्या, संध्याकाळी शेळ्या आणि लग्नसराईत वऱ्हाड. गाडीच्या कागदांवर वजनाची एक मर्यादा छापलेली असते. तिचा उपयोग प्रामुख्याने कागद भरण्यासाठी होतो. हा सगळा भार शेवटी क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरांच्या दातांवर येतो. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसवलेला असल्याने दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. साधे तेल या दाबाखाली चिरडून बाजूला होते. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेले गिअर तेल लागते.

या गंधकामुळेच तेलाला जो वास येतो, त्याचे वर्णन शिष्ट भाषेत करता येत नाही. तो कपड्यांना, केसांना आणि त्या दिवशीच्या भाकरीला सारखाच लागतो. हे काम अंगणात करावे, ओसरीवर करू नये, हा नियम तांत्रिक नसून कौटुंबिक आहे.

तेल निवडताना डब्यावर जीएल-५ हा दर्जा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला नंबर, बहुधा ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, पाहावा. नंबर जितका मोठा तितके तेल भारी, या समजुतीने ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेले १४० नंबरचे ओतू नये. गिअर तेलाची मोजपट्टी इंजिन तेलापेक्षा वेगळी आहे. गिअरचे ९० हे तापल्यावर इंजिनच्या ४० ते ५० नंबराइतकेच घट्ट असते. हे सांगून कोणाचे मत बदलल्याचे मात्र ऐकिवात नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी. तेल गरम झाले की पातळ होते आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन निघते. या फेरीत वाटेत कोणी हात केल्यास थांबू नये, अन्यथा गाडी शहागडहून संध्याकाळी परतते. मग ती सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. पिकअप मुळातच उंच असल्याने जॅकची गरज नसते. उलट एक बाजू उचलली की तेलाची पातळी चुकते. तरीही जॅक लावला जातो, कारण त्याशिवाय काम चालू असल्याचे गल्लीला पटत नाही. आणलाच तर केवळ शोभेसाठी बाजूला ठेवावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

यानंतर या विषयातला एकमेव खरा नियम येतो: वरचा, तेल भरायचा बोल्ट आधी सोडवून पाहावा, खालचा, तेल काढायचा बोल्ट नंतर. वरचा बोल्ट वर्षानुवर्षांच्या चिखलाने जाम झालेला असतो. खालचा आधी उघडून तेल सांडून दिले आणि मग वरचा हललाच नाही, तर गाडी कोरडी होते आणि मेकॅनिककडेही जाऊ शकत नाही. मेकॅनिकलाच घरी यावे लागते. तो येतो, पाहतो, काही बोलत नाही. बिलात मात्र सगळे येते.

एव्हाना प्रेक्षक जमलेले असतात. त्यांतला एक पूर्वी ट्रकवर क्लीनर होता, दुसऱ्याचा मेहुणा वाळूजला कामाला आहे, आणि तिसरा काहीच न बोलता चुकीचा पान्हा पुढे करतो. तेल कशाला बदलता, नुसती भर टाका, हे मत हमखास निघते. त्यावर खालचा बोल्ट काढून त्याचे चुंबक दाखवावे. त्याला चिकटलेला करडा, मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज. कण टोचू लागले किंवा दाताचा तुकडा निघाला, तर तेल बदलून काही साधत नाही. तेल दूध घातलेल्या चहासारखे निघाले, तर त्यात पाणी शिरले आहे. पावसाळ्यात भरल्या ओढ्यातून गाडी काढली की तापलेले हाउसिंग अचानक थंड होते आणि वरच्या श्वासनळीतून पाणी आत ओढून घेते. ही बारीक नळी मातीने बुजली, तर उलट आतला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते ब्रेकच्या लायनरवर पसरते. तेल बदलताना ती साफ करणे फुकटात होते.

भरण्याचे छिद्र बाजूला आणि अडचणीत असल्याने तिथे डबा उभा राहत नाही. हातपंप नसेल तर नरसाळ्याला ठिबकची १६ मिलिमीटरची नळी जोडून हौद्यावरून तेल सोडता येते. डबा आधी उन्हात ठेवावा. मराठवाड्याचे ऊन एवढ्यापुरते तरी उपयोगी पडते. दोन लिटरच्या आसपास तेल गेल्यावर छिद्राच्या खालच्या काठावरून ते ओघळू लागते. तीच पातळी. बोल्टला नवा वॉशर घालून पान्ह्याने घट्ट करावा, पान्ह्याला पाइप लावून नव्हे.

एवढे सगळे करूनही काळ्या मातीत रुतलेली गाडी निघणार नाही. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि चिखलातले चाक फारसा जोर घेतच नाही. म्हणून ते गरगर फिरते आणि कोरड्यावरचे स्वस्थ बसते. त्याला तेल नव्हे, ट्रॅक्टर लागतो.

निघालेले तेल सेंट्रिंगच्या पाट्यांना किंवा वाळवी लागलेल्या चौकटीला फासण्यासाठी मागायला लोक येतील. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; ते डब्यात बंद करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे तेल पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे, ओढ्यात तर मुळीच ओतू नये. पुढच्या बदलाचा आकडा, सतत ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी साधारण चाळीस हजार किलोमीटर पुढचा, हाउसिंगवर खडूने लिहिण्याची पद्धत आहे. पहिल्या पावसात तो धुऊन जातो. दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहावा.