आलं... आलं... गेलं!

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागायच्या आधी आमच्या घरात नेमणुका होत. एक जण टीव्हीसमोर, एक गच्चीवर अँटेनापाशी. वरून मी ओरडायचो, ‘‘आलं का?’’ खालून उत्तर यायचं, ‘‘आलं... आलं... गेलं!’’ लहानपणीचे निम्मे सिनेमे मी पाहिलेच नाहीत. नुसते पकडून दिले.

म्हणूनच जो टेलर यांच्याविषयी वाचलं तेव्हा वाटलं, हा तर आपल्या गच्चीवरचाच माणूस! टेलर न्यू जर्सीतल्या शेतावरच्या तीनमजली घरात वाढले. त्यांनी आणि त्यांच्या भावाने वरचा मजला हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या, सामानाने भरून टाकला होता. त्यातलं बरंचसं महायुद्धानंतर मोडीत निघालेलं. अँटेनांच्या उपद्व्यापात एकदा घराचं विटांचं धुराडंच छपराला लागून छाटलं गेलं. आमच्याकडे एक कौल फुटलं तरी दोन दिवस भाषण चालायचं. त्या मायबापांना माझा नमस्कार.

पोरगा पुढे खगोलशास्त्रज्ञ झाला, पण छंद तोच राहिला, फक्त गच्ची मोठी झाली. 1974 साली आरेसिबो वेधशाळेच्या 305 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून टेलर आणि त्यांचा विद्यार्थी रसेल हल्स यांना एक पल्सार, म्हणजे घड्याळासारखी रेडिओ टिकटिक करणारा तारा, सापडला. तो पावणेआठ तासांत एका जोडीदाराभोवती फेरी मारत होता. टेलर पुढे वर्षानुवर्षं ती टिकटिक मोजत बसले. फेरीचा वेळ किंचित किंचित घटत होता, अगदी आइनस्टाइनच्या हिशेबाबरहुकूम. गुरुत्वलहरी ऊर्जा घेऊन जातात याचा तो पहिला पुरावा ठरला. 1993 साली दोघांना नोबेल मिळालं.

एवढं झाल्यावर माणसाने सत्कार घ्यावेत, उद्घाटनं करावीत. टेलर मात्र पुन्हा आपल्या रेडिओपाशी! के-वन-जे-टी ही त्यांची हॅममधली ओळख. खरखरीत बुडालेला संदेश संगणकाने उपसून काढायचा, असं सॉफ्टवेअर त्यांनी 2001 साली हौशी मंडळींच्या हाती दिलं. उल्का जळताना मागे उरणाऱ्या रेघेवर आपटून आलेला क्षणभराचा संदेशही ते टिपू लागलं. पुढे चंद्रावरून संदेश परतवणंही सोपं झालं. जाऊन यायला अडीच सेकंद. 2017 साली स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत त्यांनी एफटी-एट ही संदेशांची नवी पद्धत आणली. यात पंधरा सेकंद तुम्ही बोलायचं, पंधरा सेकंद त्याने.

आणि एवढ्या खटाटोपाने बोलायचं काय? मी अमुक, इथून, तू इतपत ऐकू येतोस, 73. हॅमच्या भाषेत 73 म्हणजे लोभ असावा. संपलं. म्हणजे आमचंच ‘आलं का?’ आणि ‘आलं!’ पल्सारकडूनही टेलर यांनी याहून जास्त काही मागितलं नव्हतं. समोर कुणीतरी आहे, एवढं कळण्यासाठी माणूस जन्मभर कान देऊन बसू शकतो.

मलाही हुरूप आला. आपल्याकडे हॅमच्या लायसन्ससाठी परीक्षा असते, ती द्यायची ठरवली. बायकोला सांगितलं.

‘‘अहो, पण बोलणार काय त्या लोकांशी?’’

‘‘आलं का, एवढंच विचारणार.’’

‘‘मग आधी गच्चीवरचे कपडे काढून आणा. आभाळ आलंय.’’

वर गेलो. खरंच आलं होतं.