स्किमरकाका

आमच्या सोसायटीत त्यांना आडनावाने ओळखणारा आता एक पोस्टमन तेवढा उरला आहे. बाकी सगळ्यांचे ते स्किमरकाका. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला होते. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्याने भरलेल्या डब्याचं झाकण उघडून ‘शेड बसत नाही’ असं म्हणण्यात काढली. निवृत्तीनंतर पगार थांबला, शेड मात्र अजूनही बसत नाही. भाजीवाल्याचा काटा, वाण्याची तूरडाळ, शेजारच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, काकांच्या तपासणीतून सहसा काही पास होत नाही.

अशा माणसाकडे नातीने नीमो मागितला. सिनेमा 2003 सालचा, पण पोरं अजून बघतात. दुसऱ्या एखाद्या आजोबांनी रविवारी काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश आणून विषय मिटवला असता. काका म्हणाले, “नीमो म्हणजे क्लाऊनफिश. खाऱ्या पाण्यातला. आधी टाकीचं बघू.” हे ‘आधी’ ऐकलं आणि काकूंनी हातातली भाजी खाली ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या शब्दामागून काय काय घरात येतं हे त्यांना पाठ आहे.

काकूंची अट एवढीच होती की टाकी टीव्हीशेजारच्या टेबलावर मावली पाहिजे. काकांनी ती अट शास्त्राने उडवली. खाऱ्या पाण्यात लहान टाकी नवशिक्याला सोपी नसते, उलट अवघड असते. पाणी थोडं असलं की जरा ऊन वाढलं तरी तापतं, तांब्याभर बाष्प उडालं तरी खारटपणा चढतो, एक दाणा जास्त पडला तरी नासतं. यात काका शंभर टक्के बरोबर होते, आणि त्यांच्या बाबतीत खरी अडचण हीच असते. टाकी ठरली चार फूट बाय दीड बाय दीड. म्हणजे 255 लिटर. तिच्याखाली, स्टँडच्या पोटात, आणखी एक टाकी. तिला संप म्हणतात. वरचं पाणी त्यात पडतं, तिथे सगळी यंत्रं दडवलेली असतात आणि पंप ते पाणी पुन्हा वर ढकलतो.

काकांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, आमचे सेक्रेटरी राहतात. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून साडेचारशे किलोच्या घरात जातं हे काकांनी त्यांना स्वतः होऊन सांगितलं, कारण क्वालिटी कंट्रोलवाला माणूस काही लपवत नाही. शिवाय राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो धरून करतात आणि टाकीखाली तो आकडा 800 भरतो, हेही सांगितलं. सेक्रेटरींनी त्याच रात्री आपला पलंग सरकवला. पुढे एक स्ट्रक्चरल इंजिनीअर येऊन बघून गेला, टाकी मधल्या भिंतीलगत बीमवर ठेवायची ठरली, प्रश्न मिटला. सेक्रेटरींचा पलंग अजून मूळ जागी गेलेला नाही.

मग क्रॉफर्ड मार्केट. तिथे मासे-पक्ष्यांच्या दुकानांत काकांबरोबर जाण्याचा योग मला आला. दुकानदार भला माणूस. “सब सेट मिल जाएगा काका. लाइट, फिल्टर, पत्थर, मछली. आज पानी भरो, कल मछली डालो.” काकांनी चष्मा पुसला. माझ्या मते त्याच क्षणी त्या पोराने दुकानाच्या मागच्या दाराकडे पाहायला हवं होतं. काकांनी पाण्याचा खारटपणा मोजायचे प्लास्टिकचे हायड्रोमीटर मागितले, काट्याचे. एकाच बादलीतल्या पाण्यात तीन नग बुडवले. तिन्हींनी तीन आकडे दाखवले. “म्हणजे समुद्र नेमका कुठला धरायचा?” काकांनी विचारलं. दुकानदाराने काट्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा टिचकी मारून उडवला. चौथा आकडा आला.

म्हणून रिफ्रॅक्टोमीटर आला. वीतभर लांबीची नळी, तिच्या टोकाला तिरकी काच. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, खिडकीकडे तोंड करून एका डोळ्याने बघायचं. आत निळा आणि पांढरा असे दोन पट्टे दिसतात, ते भेटतात तिथला आकडा वाचायचा. समुद्राला 35 यायला हवा, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग क्षार. दुर्बीण हातात आलेल्या कप्तानाचा जो काही आनंद असेल तो मी काकांच्या चेहऱ्यावर पाहिला. अडचण अशी की टाकीत अजून पाणी नव्हतं आणि यंत्राला काम तर हवं. एका दुपारी काकांनी आमटीचा थेंब काचेवर घेतला, खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “मीठ जास्त झालंय.”

“चाखून सांगा,” काकू म्हणाल्या.

“चाखायची गरज नाही. आकडा आहे.”

“त्यात गूळ आहे.”

काका गप्प झाले. संध्याकाळी मला जिन्यात गाठून म्हणाले, “ती म्हणते ते बरोबर आहे. हे यंत्र प्रकाश किती वाकतो ते बघतं. वाकवणारा गूळ आहे की मीठ, हे त्याला कळत नाही.” हे सगळं काकूंना सोडून त्यांनी मला सांगितलं.

मिठाचा प्रश्न तर घराघरांत गेला. डोंबिवलीकराला वाटतं, समुद्र काय, गाडी पकडली की चौपाटी. दोन कॅन भरून आणा. काका त्यावर मुंबईच्या सांडपाण्याचा असा काही पाढा वाचत, की ऐकणाऱ्याने त्या महिन्यात चौपाटीवर भेळ खाल्ली नाही. बरं, पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नद्यांमुळे गोडावतं. तेही बाद. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काही असतं. त्यासाठी वेगळं मिश्रण मिळतं, शंभर लिटरला साडेतीन किलोच्या आसपास. आणि ते ज्यात विरघळवायचं ते पाणी नळाचं चालत नाही. आरओचं लागतं, आणि घरच्या फिल्टरचंही नाही, कारण तो चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राहू देतो. काकांना हवा होता शून्य टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नाहीत. त्यासाठी पुढे रेझिनची नळकांडी जोडली. एक बादली शुद्ध पाण्यामागे तीन बादल्या वाया जाणारं बाहेर. काकूंनी ते फरशी, भांडी आणि कुंड्यांना लावलं. सोसायटीत इतका स्वच्छ जिना कधी नव्हता.

तेव्हापासून टीडीएस मोजायचं पेन काकांच्या खिशात असतं. लग्नातलं पाणी, डॉक्टरांकडचा कूलर, एकदा तर सत्यनारायणाचं तीर्थ. भटजींनी पळी मागे घेतली म्हणून वाचलं.

उन्हाळ्यात वेगळंच संकट. काकांकडची पुस्तकं थंड देशांत लिहिलेली, सगळी म्हणतात पहिल्याप्रथम हीटर घ्या. काकांनी घेतला. मे महिन्यात डोंबिवलीत हीटर! टाकीचं पाणी काहीही न करता 32 अंशांवर गेलं, हवं होतं 26. आता चिलर घ्यायचा तर त्या किमतीत नवा फ्रिज येतो. काकांनी आधी पाण्यावर छोटे पंखे लावून पाहिले. त्याने दोनेक अंश उतरतात खरे, पण पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं आणि आकडा चढतो. मग उडालेल्याची भरपाई गोड्या पाण्याने आपोआप करणारं यंत्र आलं. त्याच्या टाकीत पाणी कमी झालं की वाजणारा भोंगा आला. तो मध्यरात्री वाजला. दुसऱ्या दिवशी चिलर आला.

दिवा आला तो प्रवाळ वाढवायच्या ताकदीचा, निळाभोर. प्रवाळ मात्र येणार नव्हते. आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या हिशोबात वाघाच्या रांगेत. ते समुद्रातून काढणं गुन्हा. काकांना हे ठाऊक होतं, त्यांनी सिरॅमिकचे कोरडे दगड रचले. “मग एवढा दिवा कशाला?” मी विचारलं. “कमी ताकदीचा घेतला आणि उद्या लागला तर?” रात्री रस्त्यावरून त्यांची खिडकी अशी निळी झगमगायची, की एका रिक्षावाल्याने वॉचमनला परमिट रूम किती वाजेपर्यंत चालू असते ते विचारलं.

आणि स्किमर. प्रोटीन स्किमर. काकांचा जीव त्यात. उंच पारदर्शक नळकांडं, तळाशी पंप हवेचे दुधासारखे बारीक बुडबुडे करतो. माशांची घाण, उरलेलं अन्न यांतली प्रथिनं त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस होऊन वरच्या कपात जमतात. गुऱ्हाळात रसावरची मळी काढतात तसं, फक्त इथे कढई नाही आणि माणूसही नाही. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून हे जमतं. खोक्यावर लिहिलेली क्षमता निम्मी धरायची, या नियमाने काकांनी दुप्पट मोठा घेतला. तो रात्रंदिवस चालायचा आणि कप कोरडा. पाण्यात काढण्यासारखं काही नव्हतंच. काका तासन् तास स्टूल टाकून त्या स्वच्छ कपाकडे खिन्न बघत बसायचे.

मासे सोडण्याआधी पाणी पिकवावं लागतं. काहीतरी कुजलं पाहिजे, अमोनिया झाला पाहिजे, तो खाणारे जिवाणू दगडांत वसले पाहिजेत. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. चार ते सहा आठवडे लागतात. यासाठी काकांनी बाजारातून टपोरी कोळंबी आणली आणि त्यातली एक जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडली. काकांची आई मालवणची, वय नव्वदीकडे. ती काठी टेकत आली, काचेला नाक लावून बघत राहिली. कोळंबी पांढरी पडत होती, कडेने तंतू सुटत होते.

“सोन्यासारख्या सुंगटाची अशी नासाडी करतंस?”

“आई, अमोनिया हवाय.”

“माका विचारतंस तर आंबोशी घालून कालवण केलंय असतंय.”

त्यानंतर रोज सकाळी काका काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकत आणि रंगाच्या तक्त्याशी लावून बघत. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. रंगाच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाच्या हाती असा तक्ता देणं म्हणजे कुणाचा तरी सूड असावा. “छपाईच चुकली आहे. हा पिवळा लिंबाकडे झुकतोय, नमुना हळदीकडे.” मला दारातून हाक मारून दोन्ही पिवळे उन्हात दाखवत. सगळं रजिस्टरात जायचं. तारीख, तापमान, क्षार, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, दोष, कारण, उपाययोजना, सही.

अखेर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मासे आणायचा दिवस. काका म्हणाले, एक आठवडा बघू. मग म्हणाले, वीज गेली तर? इन्व्हर्टर जोडला. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा घरातली माणसं अंधारात घाम पुसत बसली आणि रिकाम्या टाकीत लाटा चालू होत्या. मग म्हणाले, पावसाळा होऊ दे. शेवटी मीच विचारलं, काका, अडलंय कुठे? त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. सगळे आकडे मर्यादेत, ओळीने. आवाज खाली आणून म्हणाले, “मासा टाकला की हे बिघडणार हो.”

नात वाट बघून बघून पहिलीतून दुसरीत गेली. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला घेऊन काकू गाडीत बसल्या, क्रॉफर्ड मार्केटला गेल्या आणि दोन क्लाऊनफिश घेऊन आल्या. समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीतच जन्मलेले हवेत, हे सुद्धा त्यांनी ठणकावून विचारून घेतलं. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडे त्यांची पैदास केव्हाच जमवली आहे, हे काकांकडूनच त्यांनी हजारदा ऐकलेलं. काका पिशवीकडे बघून पांढरे पडले. पण मग पाऊण तास नळीने थेंब थेंब पाणी पिशवीत सोडत बसले. सोडताना नातीला म्हणाले, यांतला मोठा होईल तो मादी होणार. सगळे आधी नर असतात, जोडीतला वरचढ मादी होतो. काकू आतून म्हणाल्या, “शहाणे आहेत.”

पंधरा-वीस दिवसांनी रात्री अकराला माझी बेल वाजली. काकांच्या हातात स्किमरचा कप, तळाशी चार बोटं काळपट, चहाच्या चोथ्यासारखं पाणी. “आला!” ते म्हणाले. “वास घ्या.” घेतला. टाकीत दोन नारिंगी मासे दगडांतून आत-बाहेर करत होते. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सेक्रेटरींनाही उठवलं.

परवा सकाळी फेस अचानक बसला. कप कोरडा. काकांनी पंप खोलला, नळी धुतली, हवेची झडप तपासली, काही दोष नाही. फेस तेला-तुपाने मरतो हे आठवलं तेव्हा स्वयंपाकघराची चौकशी झाली, काकू निर्दोष सुटल्या. मग आईच्या खोलीत शोध लागला. ती रोज पहाटे केसांना चपचपीत खोबरेल लावते आणि त्याच हाताने माशांना दाणे घालते, मनगटापर्यंत हात बुडवून, ते बोटाला येऊन लागतात म्हणून.

रजिस्टरातली नोंद मी डोळ्यांनी पाहिली. दोष: फेस नाही. कारण: आईचे हात. उपाययोजना: शक्य नाही. खाली सही.